आक्काचा खारपाव

मार्च संपत आला की शिवाजी पेठेतल्या गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरल्या जातात. त्यावर सांडगे, कुरडया, साबुदाण्याच्या चकल्या, आणि कडेला डोक्यावर पदर ओढून, हातात काठी घेऊन कावळ्यांना शिव्या देत बसलेली घरातली कुणीतरी. लग्न होऊन मी उचगावात आले, पण उन्हाळा इथंही तसाच येतो. परवा शेजारच्या काकूंनी उडदाच्या पिठात पापडखाराचं पाणी ओतलं आणि तो वास भिंतीवरून आमच्या स्वयंपाकघरात आला. मी हातातली भांडी ठेवून दिली आणि ओट्याला धरून उभी राहिले. सगळ्यांना तो पापडाचा वास येतो. मला पावाचा येतो.

हे कुणाला सांगायची सोय नाही. पापडखार आणि पाव? म्हणजे बाईचं डोकं ठिकाणावर नाही. पण दोन हजार साल उलटून एक-दोन वर्षं झाली होती, तेव्हाच्या एका उन्हाळ्यात आमच्या घरात रोज हे चाललं होतं. एका शेगडीवर अव्वाच्या पापडाचं पाणी, दुसरीवर आक्काच्या पावाचं. तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चवीचा उन्हाळा होता, आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यात नीच वागले मी तेव्हाच.

आमचं मूळ नेसरीकडचं. घरात निम्मी कानडी, निम्मी मराठी, आणि भांडताना दोन्ही. आईला अव्वा म्हणायचं, वडिलांना आप्पा, थोरल्या बहिणीला आक्का. पेठेत आप्पांचं किराणा दुकान, वर आम्ही. आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचं लग्न पुण्यात वाढलेल्या, जर्मनीत यंत्राच्या कारखान्यात इंजिनियर असलेल्या मुलाशी झालं, तेव्हा अख्ख्या गल्लीत आप्पांनी पेढे वाटले होते. तीन वर्षांनी एप्रिलमध्ये ती एकटीच आली. दाजी का आले नाहीत, असं जो तो विचारायचा. आक्का सगळ्यांच्या हातात चॉकलेट ठेवायची आणि म्हणायची, "सुट्टी न्हाय त्यांला."

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना तिनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाली, "आप्पा, मी परत जात न्हाय. हितंच ऱ्हातो."

बाहेरच्या माणसाला हे वाक्य चमत्कारिक वाटेल. पण कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात. मी येतो, मी जातो, मी जेवलो. शाळेत बाई वहीतलं खोडून 'जाते' करायच्या आणि घंटा झाली की स्वतःच "चला, मी जातो" म्हणून निघायच्या. दाजींना आक्काचं हे बोलणं आवडायचं नाही. चारचौघांत ते तिला थांबवून दुरुस्त करायला लावायचे. पहिल्या वर्षी आली तेव्हा ती जपून, अडखळत बोलत होती. या वेळी मात्र आल्याआल्या तिनं सगळं सोडून दिलं होतं. "हितंच ऱ्हातो" हे ती इतक्या मोकळेपणी म्हणाली की मला आधी हसूच आलं.

आप्पांनी विचारलं, "का? मारतोय काय?"

"चार-चार दिवस बोलत न्हाय," आक्का म्हणाली. "आन् बोलला की हातानंच बोलतोय."

अव्वा ताक वाढत होती. तिचा हात थांबला नाही. "सगळ्यांच्यात थोडंफार असतंयच की गं," ती म्हणाली. आप्पा बराच वेळ आमटी कालवत बसले आणि मग म्हणाले, "बघू की." आमच्या आप्पांचं 'बघू की' म्हणजे ना हो, ना नाही. दुकानात उधार मागायला आलेल्यालाही ते तेच म्हणायचे. पण आक्कानं ते हो असं धरलं. तिला तेव्हा तसं धरायचंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं पाव करायला घेतले.

जर्मनीत तिच्या घराखाली एक म्हातारी राहायची. हिला तिची भाषा येत नाही, तिला हिची येत नाही. दाजी कामावर गेले की आक्का खाली जाऊन तिच्या स्वयंपाकघरात बसायची. म्हातारी बोट दाखवायची, आक्का करायची. त्या घरात आपल्याशी कुणी तरी रोज काहीतरी बोलतंय, असं तिला तेवढंच वाटायचं. तिथून ती हे शिकली होती. मुठीएवढे गोल पाव, पण भट्टीत जायच्या आधी सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुचकळलेले. त्यामुळं वरचं साल तपकिरी, तकतकीत, खारट, आणि आत पांढरा मऊ लगदा. त्याचं तिकडचं नाव तिनं आम्हाला चार वेळा सांगितलं. आप्पांनी दोनदा जीभ वळवून बघितली आणि सोडून दिलं. "पाव म्हण की सरळ," ते म्हणाले.

मैदा दुकानातला. यीस्टचा गोळा कोपऱ्यावरच्या बेकरीतून मी आणायची, ओल्या फडक्यात गुंडाळून. आक्का जमिनीवर मांडी घालून परातीत पीठ मळायची, भाकरीचं मळतात तसं तळहाताच्या बुडानं रेटून रेटून. पहिल्या दिवशी तिनं तिकडच्या हिशोबानं पीठ तासभर झाकून ठेवलं. कोल्हापूरचा एप्रिल, स्वयंपाकघरावर पत्र्याचं छप्पर! अर्ध्या तासात पीठ परातीबाहेर. आंबट वास सुटला. अव्वा म्हणाली, "आंबोळ्या घाल आता." तेव्हापासून परात न्हाणीघरात, थंड फरशीवर ठेवायची असं ठरलं, आणि आंघोळीला जाणारा प्रत्येक जण "पीठ हाय काय आत?" असं ओरडून विचारायला लागला.

मग गोळे करायचे. आक्का गोळा हातात घेऊन कडा खाली दुमडत दुमडत असा फिरवायची की वरची बाजू ताणून गुळगुळीत व्हायची. पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात खायचा सोडा टाकायचा. सोडा पडला की पाणी फसफसून वर यायचं आणि ती मागं सरायची. मग एकेक गोळा अलगद सोडायचा, मनात पंधरा मोजायचे, झाऱ्यानं उलटा करायचा, परत पंधरा, आणि चाळणीवर निथळत ठेवायचा. वर सुरीनं फुली पाडायची. खडेमीठ खलात जाडसर कुटून भुरभुरायचं. माळ्यावरचा गोल अल्युमिनियमचा ओव्हन, ज्यात आमच्याकडं वर्षातून एकदा नानकटाई व्हायची, तो खाली उतरवला होता. त्याच्या झाकणातल्या काचेला डोळा लावून आम्ही दोघी बसायचो.

पहिले चार दिवस पाव पांढरेच निघाले. फुगलेले, पण फिकट, आजारी माणसासारखे. "चव बरी हाय," आप्पा म्हणायचे. तिथं म्हातारीकडं पिंपातून काढलेलं काहीतरी जालीम द्रावण होतं, हातमोजे घालून ती ते वापरायची. ते इथं कुठून आणणार? सोडा बदलला, दुप्पट टाकला, तरी तेच. मला वाटलं आता ती नाद सोडणार. पण ती सकाळी उठली की पुन्हा परात घ्यायची. त्या पावावर तिचं काय काय अडकलंय, हे मला तेव्हाच कळत होतं. हे नीट आलं तर आपण इथं राहू, असं तिनं मनाशी घेतलं होतं.

पाचव्या दिवशी अव्वानं पापडाला सुरुवात केली. पापडखाराचं पाणी उकळून निवत ठेवलं होतं. आक्का त्या पातेल्याशी वाकली, पाण्यात दोन बोटं बुडवली आणि एकमेकांवर घासली. बोटं साबण लावल्यासारखी बुळबुळीत झाली. ती तशीच बोटं धरून माझ्याकडं बघत राहिली. "शैले," ती म्हणाली, "म्हातारीचं पाणी एकदा हातावर उडालतं, असंच लागलतं."

"पापडाचा खार पावाला?" अव्वा ओरडली. "अगं, विष करशील!"

आक्कानं ऐकलं नाही. दुकानातून चिमूटभर खार आणला, पाणी उकळलं, गोळे सोडले. पंधरा, उलटे, पंधरा. पाण्यातच ते पिवळसर झाले. ओव्हनच्या काचेतून बघताना आधी कडा रंगल्या, मग सगळा पाव गुळाच्या ढेपेच्या रंगाचा झाला. झाकण काढलं आणि घर त्या वासानं भरलं. आक्का रडायलाच लागली. मी नाचायला लागले. अव्वा पापडाचं लाटणं हातात घेऊनच आली, एक पाव फोडला, तोंडात टाकला, आणि बरंच चावून म्हणाली, "व्हय की. खारा पाव." त्याच दिवशी त्याचं नाव खारपाव पडलं.

पुढचे पंधरा-वीस दिवस मला अजून तोंडात जाणवतात. गच्चीवर पापड वाळतायत, खाली पाव भाजतायत. आप्पा खारपाव मिसळीच्या कटात बुडवून खायचे. "त्या जर्मनवाल्यास्नी हे कळलं न्हाय बघ," म्हणायचे, "कट पाहिजे ह्याला!" लाल तर्री त्या तपकिरी सालावर चढायची आणि आत पांढऱ्यात मुरायची. एकदा आक्का बाहेर गेली असताना मी एकटीनं पाणी केलं आणि शहाणपणा करून मूठभर खार टाकला. पाव कडू जहर. आप्पांनी एक अख्खा खाल्ला, चेहरा न बदलता, आणि मग उठून दुकानातला गूळ तोंडात टाकला. आक्का परत आली आणि आम्ही तिघं पोट धरून हसलो. मैदानावरून फुटबॉल खेळून येणारी तालमीतली मुलं संध्याकाळी दुकानापुढं थांबून विचारायची, "आक्का, खारपाव हाय का गरम?" नाद खुळा झाला होता पोरांना त्याचा.

"दुकानाच्या कडंला एक टेबल मांडतो, आप्पा," आक्का म्हणाली. "पाव करतो, खारी करतो, टोस्ट करतो. तुमच्यावर भार न्हाय माझा."

"बघू की," आप्पा म्हणाले. पण त्या वेळी ते हसत होते. सुताराला बोलावून जागेचं माप घ्यायचंही बोलणं झालं होतं. त्यांनाही ते हवं होतं, हे मी शपथेवर सांगते.

आणि मग माझं स्थळ आलं.

उचगावची मंडळी. चांगली माणसं, चांगला मुलगा. मी आज त्याच घरात बसून हे लिहिते आहे, त्यांच्याबद्दल वाईट लिहायला माझ्याकडं काही नाही. रविवारी सकाळी पावणे आले. पोहे झाले, चहा झाला, आणि अव्वानं ताटलीतून खारपाव आणले, गरम, लोणी लावून. पावण्यांनी असलं काही आधी बघितलंच नव्हतं. मुलगा एक खाऊन दुसऱ्याला हात घालून बसला. त्याच्या आईनं विचारलं, "कुणी केलं हे?"

"आमच्या शैलीनं," अव्वा म्हणाली.

मी खाली मान घालून बसले होते. मी मान वर केली नाही. मी "नाही, आक्कानं" असं म्हणाले नाही. दोन शब्द होते.

"आन् थोरली कवा जाणार परत?" मुलाच्या आईनं विचारलं. साधाच प्रश्न होता.

"जाईल की," आप्पा म्हणाले. "जूनच्या आत जाईल."

मधलं दार उघडं होतं. आक्का आत ओव्हनपाशी होती. पावणे गेल्यावर मी आत गेले तर ती झारा धूत होती. "पास झालीस की गं," ती म्हणाली, हसत. मग विचारलं, "पोरगा आवडला?"

"व्हय," मी म्हटलं.

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि झारा खिळ्याला अडकवला.

आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला. थोरली मुलगी नवरा सोडून घरी बसलीय असं ऐकतोय, खरं काय? तसं असलं तर आम्हाला विचार करावा लागेल. आप्पांनी तो निरोप दोनदा ऐकून घेतला. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः जर्मनीला फोन लावला. काय बोलले ते आम्हाला सांगितलं नाही. आक्काचं परतीचं तिकीट तिच्याजवळ होतंच, तारीख तेवढी पडायची होती. आप्पा ती पक्की करून आले आणि तिकीट देवघराच्या कोनाड्यात ठेवलं. सुताराचं नाव घरात पुन्हा कुणी काढलं नाही.

चार दिवस ते तिकीट तिथं होतं. आक्का रोज सकाळी देवाला फूल वाहताना ते बघायची, आणि मग परात घेऊन पीठ मळायला बसायची. तिला कुणी "जा" म्हटलं नाही. आमच्या घरात तो शब्द कुणीही उच्चारला नाही, हे आम्ही नंतर मोठ्या अभिमानानं एकमेकांना सांगायचो. मला हे स्थळ नको, एवढं मी म्हटलं असतं तर सगळं थांबलं असतं. मी ते मनात घोकत होते. आंघोळ करताना घोकायची, दळण निवडताना घोकायची. पण मला तो मुलगा आवडला होता. मला लग्न करायचं होतं. तेवीस वर्षांची होते मी, आणि मला वाटत होतं, आक्काचं काय, तिचं होईल काहीतरी नीट.

तिनं मला एकदा संधी दिली. गोळे वळत होतो आम्ही दोघी. मान वर न करता म्हणाली, "शैले, तुला काय वाटतंय?"

"कशाचं?" मी म्हटलं. कशाचं ते मला ठाऊक होतं.

तिनं थोडा वेळ वाट बघितली. मग म्हणाली, "कशाचं न्हाय. पीठ झाक, कोरडं पडालंय."

जायच्या दिवशी सकाळीही तिनं पीठ मळलं. मुंबईची गाडी दुपारी चारची होती. अव्वा मला बाजूला घेऊन म्हणाली, "दुकानातनं एक नारळ आण. चांगला बघून आण. सोल, पण शेंडी ठेव." मी पोत्यातले चार नारळ कानाशी हलवून बघितले आणि सगळ्यात भरलेला घेतला. पायरीवर बसून कोयत्यानं सोलायला लागले. स्वयंपाकाच्या नारळाची शेंडी काढून टाकतात. शेंडी ठेवतात ती देवाच्या नारळाची, नाहीतर ओटीच्या. आक्का मागून आली आणि माझ्या हाताकडं बघत उभी राहिली.

"शेंडी ठेवलीस?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हटलं.

बास. एवढंच बोलणं झालं आमच्यात. ती आत गेली, पिठावर ओलं फडकं टाकलं, हात धुतले आणि साडी बदलायला गेली.

ओटीला अव्वाच्या कानडीत उडी म्हणतात. लहानपणी मला त्याचं फार हसू यायचं, की बायका पाटावर बसून उडी कसली भरतात. सासरी निघालेल्या लेकीची ओटी भरली की ती निघाली, त्यावर बोलणं नाही. आणि समोर तांदळाची ओंजळ आली की पदर पसरायचाच, नको म्हणायची रीतच नाही. अव्वाला हे पक्कं ठाऊक होतं. तिनं पाट मांडला, म्हणाली, "बस. उडी भरतो." आक्का बसली. पदर पसरला. पाच ओंजळी तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण, आणि मी सोललेला नारळ. ताट धरून मीच उभी होते. नारळ पदरात पडला तेव्हा आक्काचे दोन्ही हात जरा खाली गेले.

भरलेल्या ओटीतले पाच दाणे परत माहेरच्या ताटात टाकायचे असतात, माहेर भरलेलं राहावं म्हणून. आक्कानं पदराची गाठ मारली.

"पाच दाणे टाक की गं," अव्वा म्हणाली.

"ऱ्हाऊ देत," आक्का म्हणाली. "लागतील मला."

अव्वाचा चेहरा असा झाला की मी ताट घेऊन आत पळाले. नंतर आप्पा तिला गाडीत बसवून आले, चप्पल दारात काढली आणि तिथंच पायरीवर बसले. संध्याकाळी मी न्हाणीघरात गेले तर पीठ फुगून परातीबाहेर आलं होतं आणि वरचं फडकं एका बाजूला घसरलं होतं. आक्का गेली तरी ते आपलं वर येत होतं. मी खाली बसून मोठ्यानं रडले. अव्वानं ते पीठ गोळा केलं, तव्यावर थापून भाजलं आणि आम्हाला वाढलं. आम्ही तिघांनी ते खाल्लं. चव आठवत नाही.

माझं लग्न थाटात झालं. आक्का आणि दाजी चार दिवसांसाठी आले होते. फोटोत ती माझ्या शेजारी उभी आहे, हिरव्या शालूत, हसतेय. त्यानंतर ती कोल्हापूरला आली नाही. अव्वा जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायची, "थोरली जर्मनीत नांदती." काय शब्द आहे! सुखानं राहिली तरी नांदते, मार खात राहिली तरी नांदते, घरी परत आली नाही म्हणजे झालं. चार वर्षांनी आक्कानं दाजींना सोडलं. आम्हाला विचारलं नाही, कळवलंही दोन महिन्यांनी. आता एका बेकरीत कामाला आहे. एकटी राहते. आप्पा गेले तेव्हा फोनवर अव्वाशी पाच मिनिटं बोलली आणि म्हणाली, रजा नाही. सणावाराला फोन येतो. तब्येत, पाऊस, कोण गेलं, कुणाचं लग्न. शेवटी म्हणते, "ठेवते." 'ठेवतो' नाही. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी रिसीव्हर कानाला लावून किती तरी वेळ तशीच बसले होते.

आणि मी? माझा संसार चांगला झाला. हेच मला कधीकधी सोसत नाही. नवरा वाईट निघाला असता, सासू खाष्ट निघाली असती, तर निदान फिटलं तरी असतं काही. पण नाही. माणूस साधा, हसरा, दिलदार. सासूबाईंनी लग्नानंतर महिन्याभरातच म्हटलं, "ते तुझं पाव कर की एकदा." मी म्हटलं, इथं ओव्हन नाही. आठ वर्षं मी ओव्हन नाही या एका कारणावर काढली. मी केलेले नव्हते ते, हे मी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

परवा पापडखाराचा वास आला, आणि त्याच संध्याकाळी आमचे हे ओव्हन घेऊन आले. नवा, चौकोनी, काचेच्या दाराचा. खोक्यातून काढून ओट्यावर ठेवला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाले, "आता कर की गं ते पाव. बघायला आलतो तवा दिलतीस ते. अजून चव जिभेवर हाय माझ्या."

काल सकाळी, घरात कुणी नसताना मी करायला घेतलं. पीठ आलं. गोळे आले. पण पाण्याचं माप मला माहीतच नव्हतं. मोजायची ती आक्का, मी नुसती काचेतून बघणारी. पहिला घाणा पांढरा, दुसरा कडू, तिसरा बुडाला चिकट. चौथ्याचं पाणी उकळत ठेवलं आणि मी आक्काला फोन लावला. सणवार नसताना, पहिल्यांदाच.

"काय झालं? अव्वा बरी हाय?" ती घाबरून म्हणाली.

"बरी हाय. आक्का, मी खारपाव करालोय."

मग ती हसली. इतक्या वर्षांत मी तिचं ते हसणं ऐकलं नव्हतं. आणि मग बोलायलाच लागली. चमचा कुठला घेतलास, पोह्याचा का चहाचा? पाणी उकळ्या मारतंय का नुसतं तापलंय? गोळे ओले असतानाच मीठ टाकतेस नव्हं? एका वेळी किती सोडतेस? चारच्या वर सोडू नको, अंग आखडतंय त्यांचं. बाहेर ऊन कसं आहे, अव्वा अजून पापड करते का, तालमीतली ती पोरं आता बायकापोरांची झाली असतील की. वीस मिनिटं बोलली ती. मी नुसतं हं हं करत होते. पाणी आटत चाललं होतं. इतक्या वर्षांनी ती माझ्याशी बोलत होती आणि आता नाही बोलले तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

"आक्का," मी म्हटलं.

"हं."

"चुकलं माझं."

मला तिचा श्वास ऐकू येत होता. तिला कळलं होतं. मी कशाबद्दल बोलतेय ते तिला पहिल्या क्षणी कळलं होतं, याबद्दल माझी खात्री आहे. कारण तिनं लगेच काही विचारलं नाही. खूप वेळानं, अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "काय चुकलं गं?"

मी झारा उचलून आटत चाललेलं पाणी ढवळायला लागले.

तिनं वाट बघितली. मग तीच म्हणाली, "पाणी चुकलं व्हय?"

"व्हय," मी म्हटलं. "पाणी चुकलं."